मिस म्हणून लिहू ना?

हे वाक्य परवा मी तीनदा ऐकलं आणि तिसऱ्या वेळेस तर गोळी बुलमध्ये, म्हणजे टार्गेटच्या अगदी मधल्या वर्तुळात, बसली होती. त्यामुळे राग अजून उतरलेला नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रकरण तसं साधं. 300 यार्डांवर रायफल झिरो झाली होती, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागत होती, गोळ्या मधोमध जात होत्या, डोक्यात थोडी हवाही गेली होती. परवा पहिल्यांदाच 600 वर मारायला पालथा झोपलो. अंतर दुप्पट झालं म्हणून गोळी नुसती दुप्पट खाली येत नाही, ती वाटेत वेग घालवत जाते आणि जितका वेळ हवेत तितका वेळ पृथ्वी तिला ओढतच असते, म्हणून मागची साइट (नेम धरायची खूण, रायफलला एक पुढे आणि एक मागे असते) वर घ्यायची. माझ्या गोळ्यांना 300 वरून 600 ला 10 मिनिटं. हे मिनिट घड्याळातलं नाही बरं का, कोनाचं. वर्तुळाचे 360 अंश, एका अंशाची 60 मिनिटं, म्हणजे अख्ख्या वर्तुळात 21,600, त्यातलं हे एक. 100 यार्डांवर ते इंचाहून जरासं जास्त भरतं, 600 वर सव्वासहा इंच. साइट हलवायचा नॉब फिरवला की क्लिक क्लिक होतं, माझ्या साइटला 4 क्लिकचं एक मिनिट, म्हणजे एकूण 40 क्लिक. पहिलीतल्या पोराला जमेल.

मला का नाही जमलं, तर काका.

आमच्यात पद्धत अशी की तुम्ही मारताना पुढच्या नंबरचा माणूस शेजारी बसून तुमचा स्कोअर लिहितो. माझ्या वाट्याला आले ते काका आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आले असावेत. पॅडला कार्ड लावलेलं, खिशात दोन पेनं, एक चाललं नाही तर म्हणून दुसरं, आणि अक्षर असं की आमंत्रणपत्रिका लिहून घ्याव्यात. मी नॉब फिरवत होतो, कानावर मफ्स त्यामुळे क्लिक ऐकू येत नाही, बोटालाच जाणवतो तेवढा. एकवीस, बावीस, तेवीस...

"आडनाव आधी लिहू की नंतर?"

"कसंही चालेल काका."

"तसं नाही. कार्डावर आडनाव आधी आहे. पण तुम्ही सही नाव आधी घालून करता. उद्या कोणी म्हणालं हे दोन वेगळे इसम आहेत, तर?"

कोण म्हणणार आहे हो असं? पण मी मान वळवून आडनाव सांगितलं, मग त्यातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते सांगितलं, आणि परत आलो तेव्हा तेवीस होते की सत्तावीस हे देवाला ठाऊक. अंदाजाने पुरे केले आणि मारली.

माझं पाच नंबरचं टार्गेट हललंच नाही. गोळी लागली की बट्समधली, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकातली, मंडळी टार्गेट खाली ओढतात, भोकात खूण लावतात, वर सोडतात. नाही लागली तर काहीच होत नाही, आणि हे 'काहीच होत नाही' फार लांबलचक असतं. काकांनी रेडिओवरून चौकशी केली. उत्तर आलं, "पाच नंबर कोरा. समोरच्या बांधात माती उडाली."

"मिस म्हणून लिहू ना?"

"लिहा."

"साइटरच आहे तसा, नेम जुळवायची गोळी, मोजत नाहीत. पण लिहितो. रेकॉर्ड असावं."

माती उडाली कारण मी नॉब उलटा फिरवला होता. का, तर सुरुवातीला मी शिकलो ती पुढच्या साइटवर, आणि तिचं सगळं उलट असतं: गोळी वर न्यायची तर पुढची साइट खाली, मागची मात्र वर. ते 'उलट' डोक्यात रुतून बसलंय. त्यात नॉब बनवणाऱ्यांचं आपसात काही ठरलेलं नाही, एकाचं 'वर' घड्याळाच्या काट्याप्रमाणे, दुसऱ्याचं काट्याविरुद्ध. आणि बाण कोरलाय कुठे, तर नॉबच्या माथ्यावर, जो झोपलेल्या माणसाला दिसतच नाही! झोपूनच मारायचंय ना? मग बाण कोणासाठी, पक्ष्यांसाठी? नळाच्या तोटीला जेवढी शिस्त असते तेवढी या महागड्या वस्तूला नाही.

शिकवणारेही तसलेच. एक म्हणतो मिनिटं सोड, मिलमध्ये विचार कर. एक मिल म्हणजे साधारण 3.44 मिनिटं, मग झोपल्या झोपल्या भागाकार करा. दुसरा म्हणतो दस्त्यावर चिठ्ठी चिकटव. तिसरा ॲप काढून हवेचा दाब विचारतो. नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा हे मात्र तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही, कारण ते म्हणे 'कळतंच'.

असो. चूक कळली, 40 क्लिक सुलट फिरवले आणि ऐटीत मारली. टार्गेट परत ढिम्म. उलट 40 गेलो होतो, तर सुलट 80 यायला हवं होतं. 40 ने मी फक्त 300 च्या खुणेवर परत आलो होतो, म्हणजे अजून पाच फुटांनी खाली.

"मिस म्हणून लिहू ना?" काकांनी यावेळी पेन आधीच टेकवलं होतं.

मग मी मान वर काढून नॉबवरचा आकडा दोनदा वाचला, आणखी 40 क्लिक मोजले, काका काहीतरी विचारत होते तिकडे सपशेल दुर्लक्ष केलं, गाल दस्त्याला लावला, श्वास सोडला आणि मारली. अशी सुरेख सुटली म्हणून सांगू! मारणाऱ्याला कळतं ते. आणि पाच नंबर तसाच उभा. खाली गेलं ते सहा नंबर.

ते वर आलं तेव्हा त्यात दोन भोकं. एक शेजारच्या गृहस्थांचं, तीन गुणांचं. दुसरं बुलमध्ये, एलिव्हेशन म्हणजे उंची बरोब्बर मधली. माझं. सगळं लक्ष नॉबकडे, त्यात कोपर सरकलेलं, नंबर बघायचाच राहिला.

1874 साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला होता, 800, 900 आणि 1000 यार्ड. एका आयरिश नेमबाजाने असाच झकास बुल मारला, चुकीच्या टार्गेटवर. शून्य. अमेरिका 934, आयर्लंड 931, आणि बुलला तेव्हा 4 गुण, करा बेरीज. पण निदान त्याची इतिहासात नोंद तरी झाली. माझी काकांच्या कार्डावर.

वर नियम असा की एका टार्गेटवर दोन भोकं असली, तर कुठलं कोणाचं हे सांगता येत नाही म्हणून त्या टार्गेटवाल्याला जास्त गुणांचं देतात. म्हणजे चुकलो मी, तीन मारले त्यांनी, आणि पाच मिळाले त्यांना! हा नियम कळतो मला, पटतोही, पण परवा नाही पटला.

"हा मोजतात हं," काका म्हणाले. "साइटर संपले. मिस म्हणून लिहू ना?"

"काका, बुल आहे तो!"

"आहे ना. त्यांच्याकडे लिहिलाय."

डाव संपल्यावर शेजारचे गृहस्थ मुद्दाम येऊन हात मिळवून गेले. म्हणाले, "एलिव्हेशन मात्र परफेक्ट होतं हो तुमचं." आणि मनापासून म्हणाले, तेच जास्त लागलं.

काकांनी कार्ड पुढे केलं. मी सही केली.

"आडनाव आधी हवं होतं," काका म्हणाले.