पांढऱ्या छपराची तिसऱ्या उन्हाळ्याची परीक्षा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, आला की नागपुरात वाद ठरलेला. उकाडा सिमेंटच्या रस्त्यांमुळे की तोडलेल्या झाडांमुळे? पांढरी छपरं महापालिकेने सक्तीची करावीत की त्यासाठी अनुदान द्यावं? २३ मे २०१३ला ४७.९ अंश सोसलेल्या शहरात हे वाद व्हायलाच हवेत. पण त्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही: तो पांढरा रंग तिसऱ्या वर्षी किती पांढरा उरतो?

लॉस एंजेलिसमध्ये नव्या आणि छप्पर बदलणाऱ्या घरांना थंड छपराची, म्हणजे ऊन परत फेकणाऱ्या छपराची, सक्ती २०१४पासून आहे. तिथून घ्यावं ते सक्तीपेक्षा मोजमाप. कॅलिफोर्नियात सपाट छपराच्या व्यावसायिक इमारतींसाठी परावर्तनाचा निकष ०.६३ आहे, म्हणजे पडणाऱ्या उन्हातलं ६३ टक्के परत फेकलं जावं. हा आकडा डबा उघडल्या दिवसाचा नाही. नमुने अॅरिझोना, फ्लोरिडा, ओहायो इथे तीन वर्षं उघड्यावर ठेवतात आणि मग मोजतात.

नागपुरात विक्रेता सांगतो तो नव्या रंगाचा आकडा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, रस्त्याची धूळ, पावसाळ्यातलं शेवाळ यांनी गच्ची करडी होते आणि फायदा घटतो. खरा धंदा मला इथेच दिसतो: रंग विकून मोकळं न होता दर फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची धुऊन देण्याचा वार्षिक करार. ब्रश, पाणी आणि दोन माणसं, एवढंच त्याला लागतं.

काम बिघडतं ते बहुधा घाईने. आधी गच्चीवर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथला उतार नीट करा, नाहीतर तिथेच शेवाळ धरणार. भेगा खोदून पॉलिमरच्या मसाल्याने भरा. तारेच्या ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ मारा, धुवा, मग दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. ओल्या स्लॅबवर अॅक्रिलिक रंग दिला तर दुपारी आतल्या पाण्याची वाफ होते, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. पहिला हात पातळ, पुढचे दोन आडवे-उभे. खरबरीत स्लॅब रंग फार पितो, म्हणून भाव सांगण्याआधी शंभर चौरस फुटांवर किती लागतो ते करून बघा.

ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी चुना आहेच. कळीचा चुना थोडा थोडा पाण्यात टाकायचा (चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, उसळून डोळे भाजतात), रात्रभर मुरवायचा, गाळायचा, थोडा फेविकॉल घालून दुधाइतका पातळ करायचा आणि भिजवलेल्या गच्चीवर दोन-तीन हात मारायचे. पावसाळ्यात तो धुपतो, तेव्हा दरवर्षी द्यावाच लागतो.

टिनाच्या शेडवर मात्र अनेकजण चंदेरी रंग मारतात. चमकतो म्हणून गार असेल, हा समज चुकीचा. धातूचा चकाकता थर शोषलेली उष्णता सहज बाहेर सोडत नाही. वर इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) अशा पत्र्यावर खोटं कमी तापमान दाखवते आणि गिऱ्हाईक फसतं. पत्र्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा, थोडं थांबा आणि टेपवर मोजा.

लॉस एंजेलिसमधल्या बहुतेक घरांत छप्पर आणि खोली यांच्यामध्ये माळा असतो, त्यात उष्णतारोधक थर असतो. नागपुरात माणूस थेट स्लॅबखाली झोपतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत अंगावर उष्णता सोडत राहतो. म्हणून पांढऱ्या छपराचा फायदा तिथे जास्त, पण तो वरच्या मजल्याला. तळमजल्याच्या दुकानाला रंग विकू नये.

नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही नागपुरात आहेत. त्यांच्या गच्च्यांवर वेगवेगळ्या रंगांचे पत्रे आणि लाद्या तीन वर्षं ठेवून आकडे जाहीर व्हावेत. तोवर महापालिकेने शाळांच्या गच्च्यांच्या निविदेत एक अट घालावी: बिलाचा पाव हिस्सा तिसऱ्या मार्चमध्ये, गच्ची धुतल्यावर परावर्तन मोजून मगच द्यायचा.