कॉड सोडला की झालं? फिश अँड चिप्सवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

फिश अँड चिप्स (पिठात घोळवून तळलेला मासा, बहुधा कॉड, आणि बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी) या ब्रिटिश पदार्थाबद्दल एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरत असतो. त्याचा सारांश असा: कॉड संपत आलाय, तो खाणं बंद करा, त्याऐवजी तिथल्या किनाऱ्यावरचा पोलॅक किंवा मॅकरल खा, बाहेरून आलेला गोठवलेला मासा घेऊ नका, चरबीऐवजी तेलात तळा, थर्माकोलचे डबे टाळा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे केळफुलाचं व्हीगन 'फिश' खा. हेतू चांगला आहे, पण माहिती अर्धवट आणि एके ठिकाणी तर चक्क उलटी आहे.

"कॉड संपत आलाय." कुठला कॉड? सगळी मेख इथेच आहे. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर तो खरोखरच संपल्यात जमा होता. 2 जुलै 1992 ला तिथली कॉडची मासेमारी बंद झाली, तीसेक हजार लोकांचा रोजगार गेला, आणि बंदी उठायला 2024 उजाडलं. उत्तर समुद्रातल्या कॉडला 2017 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (साठा टिकवून मासेमारी होते असं सांगणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र मिळालं आणि दोनच वर्षांत ते स्थगितही झालं. पण ब्रिटनमधल्या चिपीत, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात, जो कॉड तळला जातो तो बहुतेक करून या दोन्ही ठिकाणचा नसतो. तो येतो आइसलंड, नॉर्वे आणि नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून. 1976 मध्ये तिसरं 'कॉड युद्ध', म्हणजे मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटन आणि आइसलंडमधला झगडा, संपलं, आइसलंडची 200 मैलांची हद्द ब्रिटनला मान्य करावी लागली, आणि हल-ग्रिम्सबी या इंग्लंडमधल्या बंदरांच्या दूरवर जाणाऱ्या बोटींचा धंदा बसला. आज ग्रिम्सबीत माशावर प्रक्रिया होते, पण त्यातला बराचसा मासा बाहेरून येतो.

आइसलंडमध्ये दरवर्षी किती कॉड धरायचा हे ठरलेल्या सूत्राने निघतं: चार वर्षं आणि त्याहून मोठ्या माशांच्या एकूण अंदाजित वजनाच्या साधारण 20 टक्के. म्हणजे साठा घटला की कोटाही आपोआप घटतो. याचा अर्थ डोळे मिटून खा, असा मात्र नाही. बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा 2025 चा कोटा 3,40,000 टनांवर आला, 1991 नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. चिपीतले भाव चढण्यामागचं हे एक कारण. तेव्हा 'कॉड खा' हेही चूक आणि 'कॉड खाऊ नका' हेही चूक. कुठल्या समुद्रातला आणि कुठल्या वर्षीचा, हे कळल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

आता तो उलटा भाग. "पोलॅक किंवा मॅकरल खा." हा सल्ला पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये 'फिश फाइट' नावाची मोहीम चालली होती आणि कॉडऐवजी मॅकरल खाण्याचा आग्रह धरला जात होता. पुढे काय झालं? कोणी किती मॅकरल धरायचा यावर किनाऱ्यावरच्या देशांचं एकमत होईना. प्रत्येकाने आपापला वाटा ठरवला, बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेपलीकडे गेली, आणि 2019 मध्ये ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरलचं प्रमाणपत्र स्थगित झालं. पोलॅकची गत त्याहून वाईट. ब्रिटनच्या नैर्ऋत्येच्या समुद्रासाठी शास्त्रज्ञांनी 2024 साठी शून्य मासेमारीचा सल्ला दिला आणि कॉर्नवॉलमधल्या गळाने मासे धरणाऱ्या छोट्या बोटवाल्यांचं कंबरडं मोडलं. (अलास्काचा पोलॉक हा निराळा मासा, त्याची गल्लत नको.) पर्यायच हवा असेल तर कॉर्नवॉलचा हेक आहे. 2015 पासून प्रमाणित, मांस पांढरं आणि मऊ. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये उतरणारा बराचसा हेक स्पेनला जातो.

शिवाय फिश अँड चिप्स म्हणजे कॉडच, हेही खरं नाही. स्कॉटलंड आणि यॉर्कशरमध्ये पिढ्यान् पिढ्या हॅडॉक हा कॉडच्या कुळातला मासा चालतो, आणि उत्तर समुद्रात त्याचा साठा अलीकडे चांगला वाढलाय. अडचण एवढीच की कॉड आणि हॅडॉक एकाच पाण्यात फिरतात, आणि जाळं काही नाव विचारून मासा आत घेत नाही. यावर जाळ्यातच एक तोडगा निघालाय. ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागून ओढलं जाणारं, जाळं जवळ आलं की हॅडॉक वर उसळतो, कॉड मात्र तळाशीच राहतो. म्हणून काही जाळ्यांत मधोमध आडवा पडदा शिवतात: वरच्या कप्प्यात हॅडॉक राहतो, खालचा भाग मोकळा ठेवला की कॉड निसटतो. माझ्या मते शाश्वत मासेमारीचं खरं काम अशा शिवणीत चालतं. मेन्यूवर नुसतं माशाचं नाव बदलून ते होत नाही.

"गोठवलेला नको." का नको? चांगल्या चिपीतला बराच मासा बोटीवरच काही तासांत साफ करून, तुकडे काढून, लाद्यांमध्ये गोठवलेला असतो. दुकानात तो आदल्या रात्री काढून ठेवतात. माशामागच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा बोटीच्या डिझेलचा असतो, जहाजाने पुढे येण्याचा त्यामानाने किरकोळ. हिशेब बिघडतो तो 'ताजा' म्हणून विमानाने आणलेल्या माशाचा.

तेलाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पण 'तेल' म्हणजे पाम तेल असेल आणि ते जंगल तोडून लावलेल्या मळ्यातलं असेल, तर चरबी सोडून पर्यावरणाचं काय भलं झालं? जाता जाता आपल्याकडच्यांसाठी: यॉर्कशरमध्ये आजही पुष्कळ दुकानं बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोवंशाच्या चरबीत, तळतात. नुसत्या चिप्स घेतल्या तरी तळण तेच. शाकाहारी असाल किंवा बीफ खात नसाल, तर यॉर्कशरमधल्या लीड्स-ब्रॅडफर्डला आधी विचारा.

राहिलं केळफूल. लंडनच्या हॅकनीतल्या सटन अँड सन्सने ते लोकप्रिय केलं. पिठात घोळवून तळलं की पदर सुटे होतात आणि माशाचा भास होतो, हे मान्य. पण आपल्याला केळफूल नवं नाही. प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढताना बोटं काळी होतात, मग ताकाच्या पाण्यात भिजवा, तेव्हा कुठे भाजी होते. तिथे ते खारवलेल्या पाण्यातल्या डब्यातून, बहुधा आग्नेय आशियातून येतं. 100 ग्रॅम कॉडमध्ये सुमारे 18 ग्रॅम प्रथिनं असतात, केळफुलात जेमतेम दीड-दोन. भाजी म्हणून आवडीने खावं, माशाची जागा ते घेत नाही.

आणि थर्माकोलच्या डब्यांचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये त्यांच्यावर 1 ऑक्टोबर 2023 पासून बंदी आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान तेवढी ओळ तरी गाळावी.