मे महिन्यातली मस्की आणि लुअरचा साइझ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, कमेंट नीट वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मे महिन्यात मस्कीला (उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) पाच-सहा इंची लुअर, म्हणजे नकली आमिष, टाका हा माझा सल्ला म्हणजे नवख्यांची दिशाभूल आहे असं तुमचं म्हणणं, कारण अंडी घालून झालेली मादी भुकेलेली असते आणि तिला मोठा घास लागतो, आणि तुम्ही कॅनडातल्या ओंटारिओत दहा-बारा इंची रबर (मऊ रबरी लुअर) नाहीतर डबल टेन बकटेल (दहा नंबरची दोन फिरती पाती आणि मागे केसांचा झुबका असलेला लुअर) याशिवाय काही बांधतच नाही. शिवाय जाता जाता एक टोला, की विणीच्या हंगामात गळ टाकून वर कॅच अँड रिलीजचं (मासा पकडून परत सोडायचं) कौतुक करण्यापेक्षा कोकणातला कोळी बरा, तो निदान पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवतो.

टोल्याकडे नंतर येतो, आधी साइझ.

ओंटारिओत बहुतेक ठिकाणी मस्कीचा सीझन जूनमध्ये उघडतो, तोवर पाणी चांगलं तापलेलं असतं आणि वीण उरकून मासा पांगलेला असतो. मी लिहिलं होतं ते अमेरिकेतल्या दक्षिण विस्कॉन्सिनबद्दल, मॅडिसन शहराजवळची तळी, मोनोना, वॉबेसा, विंग्रा. इथे हायवे 10 च्या दक्षिणेला सीझन मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि त्या दिवशी पाणी 52 ते 58 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 11 ते 14 सेल्सिअस असू शकतं. मस्की अंडी घालते तीच मुळात 50 ते 60 च्या दरम्यान. तुमच्या जूनचं आणि माझ्या मेचं पाणी वेगळं, त्यामुळे तुमचं बरोबर असून माझं चुकीचं ठरत नाही.

आता भुकेचा मुद्दा. मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं गार तेवढं त्याचं शरीर गार, पचन सावकाश, पाठलाग छोटा. भूक असेलही हो, पण 55 च्या पाण्यात मस्की लांबून झेपावून येत नाही, मागे मागे येते, बघते, आणि लुअर थांबला की मग ठरवते. म्हणून माझ्या त्या पोस्टमध्ये खरा भर थांबण्यावर होता, साइझचं एकच वाक्य होतं आणि तुम्ही नेमकं तेच उचललंत 😀 ट्विच बेटला (झटके देऊन खेळवायचा माशाच्या आकाराचा लुअर) दोन हलके झटके आणि मग तीन-चार सेकंद काहीच नाही, दोरी किंचित ढिली. यासाठी लुअर जागेवर तरंगत राहणारा हवा, बुडबुड्यासारखा वर उसळणारा नको. सुइक कंपनीच्या लुअरसारख्या लाकडी जर्कबेटचं (रॉडने हिसके देत ओढायचा लुअर) वजनदार मॉडेल घ्या किंवा शिशाची तार गुंडाळून तो जड करा, आंघोळीच्या टबात टाकून बघायचं, हळूच वर आला तर ठीक (घरच्यांच्या नजरेची जबाबदारी माझी नाही). ग्लाइड बेटही याच कारणाने चालतो, दोरी ढिली सोडली की स्वतःहून बाजूला सरकतो आणि रेंगाळतो.

मग छोटा का? कारण जागा. त्या दिवसांत मासा गढूळ काळ्या तळाच्या उथळ खाडीत असतो, बहुतेकदा तळ्याच्या उत्तर काठाला, कारण तिथे ऊन जास्त लागतं, आणि पाणी असतं दोन-पाच फूट. तिथे पाव किलोचं रबर धप्पकन पाडलंत तर अख्खी खाडी रिकामी होते. हवेत जड आणि पाण्यात आवाज न करणारं असं काही हवं, म्हणून पाच नंबरच्या पात्याचा साधा बकटेल, सहा इंची ट्विच बेट, छोटं रबर. विंग्रा उथळ असल्यामुळे आधी तापतं, तिथून सुरुवात करावी आणि मोनोनाकडे नंतर जावं. सकाळी उठून पळायची पण गरज नाही, दुपारी दोननंतर खाडी दोन-तीन अंशांनी वर जाते आणि तेव्हाच मजा येते. दोन दिवस नैऋत्येचा वारा वाहिला असेल तर वरचं कोमट पाणी ईशान्येच्या काठाला साचतं, तिथे जा. आणि रात्रीत थंडी पडून आकाश निळंशार झालं की सगळं गणित पुसलं जातं, त्या दिवशी मी सरळ क्रॅपी हा छोटा मासा पकडायला जातो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगतो. व्हाइट सकर नावाचा मासा वसंतात ओढ्यांत चढतो आणि तो चांगला हातभर असतो, उत्तर विस्कॉन्सिनमधल्या मस्कींच्या आहाराच्या अभ्यासात पर्च या माशाच्या बरोबरीने हा सकर आहेच. ओढ्याच्या तोंडाशी, जिथे सकर परत खाली येतात, तिथे आठ-दहा इंचाचं रबर एकदम संथ ओढलं तर मीसुद्धा ते बांधेन. म्हणजे आधी तापमान बघा, मग जागा, मग वेग, आणि साइझ त्यानंतर. दुकानात माणूस उलटा जातो, साइझ आधी बघतो, कारण भिंतीवर तेच टांगलेलं दिसतं.

छोटा लुअर म्हणजे बारीक रॉड असाही अर्थ कोणी काढला होता खाली, तो काढू नका. दोरी 65 ते 80 पाउंडाचीच ब्रेड (विणलेली दोरी), पुढे 80 च्या वरचा फ्लुरोकार्बन लीडर (लुअरजवळचा मजबूत दोरीचा तुकडा), कारण पातळ दोरीवर मासा अर्धा तास खेळवला तर तो सुटल्यावरही मरू शकतो.

आता विणीचं. हा मुद्दा रास्त आहे आणि महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते ती याचसाठी. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात, जिथे मस्की नैसर्गिकरीत्या वाढते, तिथे सीझन मेच्या अखेरीला उघडतो तोही याचसाठी. दक्षिणेत मात्र बहुतेक मस्की हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) सोडलेल्या, नैसर्गिक पैदास फार होत नाही. शिवाय बास या माशाचा नर घरट्यावर पहारा देतो, त्याला उचललं की अंडी गेली. मस्की अंडी उथळ पाण्यात विखरून निघून जाते, राखणीला कोणी नसतं. तरीसुद्धा गाभोळीने भरलेली मादी पाण्याबाहेर धरून फोटोसाठी तोंड वासून उभं राहणं मला पटत नाही. जोडी उथळात चिकटून फिरताना दिसली की मी कास्ट करत नाही, पुढच्या खाडीत जातो. लागलाच मासा तर तो जाळीतच, पाण्यातच, हुकांचे बार्ब (उलटे काटे) आधीच दाबलेले, लांब पक्कड आणि हुक कापायचं कटर हाताशी. हुक खोल असेल तर कापा, हुक स्वस्त आहे. आणि उन्हाळ्यात पाणी 80 फॅरनहाइटच्या वर गेलं की बंद, तेव्हा सोडलेला मासासुद्धा दगावतो.

बोटीजवळच्या फिगर एटबद्दल (लुअर बोटीपाशी आला की रॉडने पाण्यात आठचा आकडा काढणं) तुम्ही काहीच बोलला नाहीत, बहुतेक तिथे आपलं जमतं. फक्त गार पाण्यात आठचा आकडा मोठा आणि सावकाश काढा, रॉडचं टोक पाण्यात खोल बुडवून, वळण रुंद ठेवा, कारण चार फुटी मासा अरुंद वळणात वळू शकत नाही.

आणि हो, जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे पाणी किती असतं आणि ते डबल टेन तुम्ही किती फुटांवर ओढता, तेवढं जरूर टाका खाली.