काका, सीटीतलं हृदय कॉम्प्युटरने रंगवलेलं नसतं

काल सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरला, की हृदय सतत हलतं त्यामुळे त्याचा सीटी स्कॅन निघूच शकत नाही, रिपोर्टमध्ये दिसतं ते कॉम्प्युटरने भरलेलं चित्र, आणि आधी देतात ती गोळी बिल फुगवायला. मी पुण्यातच सीटी टेक्निशियन आहे, रोज हेच करतो, म्हणून गप्प बसवलं नाही.

पहिलं, "कॉम्प्युटरने बनवलेलं." अहो बरोबरच आहे की! १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी झाला तेव्हापासून प्रत्येक सीटी कॉम्प्युटरच बनवतो. एक्सरे सोडणारी ट्यूब आपल्याभोवती फिरते, शेकडो कोनांतून एक्सरे जातात, कुठल्या रेषेत किती अडले ते मोजलं जातं आणि त्यातून आतला काप गणिताने काढतात. याला रंगवणं म्हणायचं तर मग घरचा हिशोब पण बनावटच.

आता हलण्याचं. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धंच कळलंय. हे गणित धरून चालतं की सगळे कोन मोजून होईपर्यंत आतली वस्तू जागची हलली नाही. हलली तर काय होतं? मागे पर्वतीवर मी फोनवर पॅनोरमा काढत होतो आणि भाचा मधूनच पळाला, फोटोत तो दोनदा आलाय, एकदा तर नुसते पायच. सीटीत तसंच, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची कड दुहेरी दिसते, पांढरे पट्टे येतात, आणि उजवी धमनी जास्त हलते म्हणून तीच जास्त दगा देते.

पण यावर उपाय आहेत ना. मिनिटाला ६० ठोके असतील तर एक ठोका एक सेकंदाचा, आणि त्यात दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय थोडा वेळ जवळजवळ शांत असतं. छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावलेल्या असतात, मशीन तेवढ्याच वेळेचा डेटा घेतं, आणि बऱ्याचदा एक्सरे पण तेवढ्यापुरताच चालू ठेवतात म्हणजे रेडिएशनचा डोस कमी. भारी मशीनमध्ये फेरी ०.२५ सेकंदाची आणि ट्यूब दोन, म्हणजे पाव फेरीत काम होतं, साधारण ६६ मिलिसेकंद.

गोळी यासाठीच, ठोके मंदावले की ती शांत वेळ लांबते. परवा एक आजोबा आले, नाडी ८८, गोळी देऊन तासभर बसवलं, ६१ वर आली मग घेतलं. तेवढ्या गोळीने कुणाचं बिल फुगतंय?

श्वास रोखायला सांगतात ते "नाटक" म्हणे. हृदय छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्यावर टेकलेलं असतं, श्वास घेतला की तेही सरकतं, बास. आणि फुप्फुसाच्या गाठीला रेडिएशन द्यायचं असतं तेव्हा तर श्वास चालू ठेवूनच स्कॅन करतात, पोटाची हालचाल नोंदवून डेटा श्वासाच्या साधारण दहा टप्प्यांत वाटतात आणि गाठ कुठून कुठे जाते ते बघतात. हलती वस्तू दिसतच नसती तर हे कसं जमलं असतं?

एक मात्र मान्य, ठोके फार अनियमित असले किंवा धमनीत कॅल्शियम खूप असलं तर चित्र खराब येऊ शकतं, आणि आम्ही ते रिपोर्टमध्ये लिहितो, लपवत नाही.

आणि काका, काकूंचा स्कॅन मंगळवारी आहे ना, त्या दिवशी चहा-कॉफी बंद, आणि दम्याचा पंप घेत असतील तर गोळीच्या आधी सांगा.