‘फक्त लेझर बदला, फायबर अमर्याद आहे’: हा दावा कुठे कुठे चुकतो

‘केसाएवढ्या फायबरमधून हवे तेवढे रंग पाठवता येतात. दोन टोकांना नवे लेझर लावले की वेग दहापट. तरी कंपन्या रस्ते खोदतात आणि घरी स्पीड दाबून ठेवतात.’ हा मजकूर बऱ्याच ग्रुपवर फिरतो आहे. एकाच फायबरमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश सोडून पलीकडे तो वेगळा काढता येतो, एवढा भाग खरा आहे. त्यालाच डब्ल्यूडीएम म्हणतात. पुढचे निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

‘हवे तेवढे रंग.’ स्वस्त प्रकारात, म्हणजे सीडब्ल्यूडीएममध्ये, १२७१ ते १६११ नॅनोमीटरपर्यंत २०-२० नॅनोमीटरच्या अंतराने १८ चॅनेल ठरलेले आहेत. एवढं मोठं अंतर का? तर थंड न ठेवलेल्या लेझरची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते. रॅकचं तापमान ४० अंशांनी बदललं तर ती ४ नॅनोमीटर सरकेल, तरी फिल्टरच्या पट्ट्यात राहील. डीडब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे चॅनेल दाटीने बसवलेल्या प्रकारात, १०० गिगाहर्ट्झचं अंतर म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोमीटर. तिथे आठ अंशांत लेझर थेट शेजारच्या चॅनेलवर जाऊन बसेल, म्हणून प्रत्येक लेझरला तापमान स्थिर ठेवणारी व्यवस्था लागते आणि किंमत चढते. शिवाय वेग वाढला की चॅनेलही रुंद लागतो. ४.८ टेराहर्ट्झच्या पट्ट्यात ५० गिगाहर्ट्झचे ९६ चॅनेल मावतात. ४०० जी (सेकंदाला ४०० गिगाबिट) साठी ७५ गिगाहर्ट्झ धरले तर ६४ च. (हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. ‘रंग’ बघायला फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका.)

‘टोकांना लेझर लावले की झालं.’ सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. ६० किलोमीटरच्या लिंकचा हिशोब मांडू. १५५० नॅनोमीटरच्या आसपास स्प्लाइस (फायबरचे जोड) धरून किलोमीटरला ०.२५ डीबी (प्रकाश किती घटतो याचं माप), म्हणजे १५ डीबी. आठ चॅनेल एकत्र करणारा मक्स आणि ते वेगळे काढणारा डीमक्स मिळून साधारण ५. कनेक्टरांचे २. पुढे केबल तुटून जोडावी लागेल, त्यासाठी राखीव ३. एकूण २५ डीबी. आता ‘८० किलोमीटर’ असं लेबल असलेलं १० जी चं मॉड्यूल (लेझर आणि रिसीव्हर असलेला भाग) शून्य डीबीएम (प्रकाशाच्या पॉवरचं माप) सोडत असेल आणि उणे २४ पर्यंत वाचत असेल, तर हाताशी २४ डीबीच आहेत. मक्स नसताना हीच लिंक आरामात चालली असती. मक्स घातल्यावर ती सुरुवातीला चालेलही, कारण राखीव ३ डीबी अजून शाबूत असतात. पण दोन-तीन जोड वाढले किंवा एखाद्या कनेक्टरवर धूळ बसली की लिंक ‘अप’ दिसत राहते, एरर मात्र वाढत जातात. उलट तेच मॉड्यूल १० किलोमीटरवर थेट लावलं तर रिसीव्हरवर प्रकाश जास्त पडतो आणि रिसीव्हर बाद होऊ शकतो. तिथे प्रकाश कमी करणारा १० डीबीचा अटेन्युएटर हवाच. आणि मक्सच्या जागी प्रकाश नुसता वाटून देणारा स्प्लिटर लावून पैसे वाचत नाहीत: १:८ स्प्लिटर सुमारे १०.५ डीबी खातो आणि सगळे रंग सगळीकडे पाठवतो.

‘कमी पडलं तर अ‍ॅम्प्लिफायर लावा.’ नेहमीचा अर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर १५३० ते १५६५ नॅनोमीटर एवढाच पट्टा वाढवतो. सीडब्ल्यूडीएमच्या १८ पैकी १५३१ आणि १५५१ हे दोनच चॅनेल त्यात येतात. शिवाय प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलसोबत स्वतःचा नॉइज मिसळतो. सोडताना पॉवर वाढवून नॉइजवर मात करावी, तर एका मर्यादेनंतर काचच साथ सोडते: तीन चॅनेल एकमेकांत मिसळून चौथी तरंगलांबी तयार होते आणि ती नेमकी दुसऱ्या चॅनेलवर पडते. जपानमध्ये १५५० ला डिस्पर्शन (प्रकाशाचे स्पंद वाटेत पसरणं) शून्य असलेलं फायबर मोठ्या प्रमाणावर टाकलं होतं. एका चॅनेलसाठी ते उत्तम, पण डीडब्ल्यूडीएम आल्यावर हाच त्रास उभा राहिला आणि १५६५ च्या पुढचा पट्टा वापरावा लागला.

‘घरी स्पीड दाबतात.’ जीपॉनच्या, म्हणजे घरोघरी फायबर पोहोचवणाऱ्या तंत्राच्या, एका फायबरवर दोन रंग आधीपासूनच आहेत: घराकडे १४९०, घराकडून १३१०. पण खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. संध्याकाळी वेग पडला तर आधी हा वाटा आणि त्यामागची लिंक तपासावी. त्याचीच जास्त वेगवान आवृत्ती एक्सजीएस-पॉन १५७७ आणि १२७० वर त्याच फायबरमधून जोडीला चालवता येतं, मात्र एक्स्चेंजमधलं कार्ड आणि घरातलं ओएनटी (फायबर जोडलेली पेटी) दोन्ही बदलावं लागतं.

राहिला खोदकामाचा मुद्दा. वेग वाढवायचा तर जुन्याच फायबरवर चॅनेल वाढवणं खरंच स्वस्त, आणि जिथे जमतं तिथे तेच करावं. पण जेसीबीचा दात बसला की त्या फायबरमधले ९६ चॅनेल एकाच क्षणी बंद पडतात. त्यासाठी दुसरी केबल लागते, आणि तीही वेगळ्या रस्त्याने. एकाच पुलाच्या एकाच डक्टमधून गेलेल्या दोन केबल नकाशावर दोन रेघा दिसल्या तरी तो मार्ग एकच धरावा.