मेलबर्नचं मिडफील्ड बेस्ट होतं आणि फक्त फॉरवर्ड नडले? मला नाही पटत

फूटी, म्हणजे एएफएल लीगचं ऑस्ट्रेलियन फुटबॉल, बघणाऱ्या आपल्या लोकांत एक वाक्य सतत फिरतंय: "गॉन, पेट्राका, ऑलिव्हर असलेलं मेलबर्न डीमन्सचं मिडफील्ड एएफएलमध्ये नंबर वन होतं, घात केला तो फॉरवर्ड लाईननी आणि दुखापतींनी, कोचिंगचा काही दोष नाही." मी या टीमवर जीव लावलाय म्हणून सांगतो, हे अर्धंच खरंय.

पहिला पुरावा देतात २०२१ च्या ग्रँड फायनलचा. पर्थला तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ पॉइंट मागे होतो आणि शेवटी ७४ नी जिंकलो, पेट्राकाचे ३९ डिस्पोझल (किक आणि हँडबॉल, म्हणजे मुठीनी मारलेले पास, मिळून), सगळं मान्य. पण तो गोलांचा पूर कशातून आला बघा ना, गोल झाला की बॉल परत मधे येतो आणि २०१९ पासून मधून खेळ सुरू करताना (२०२५ पर्यंत सेंटर बाउन्स, म्हणजे अंपायर बॉल जमिनीवर आपटून उडवायचा) ६-६-६ चा नियम आहे, म्हणजे दोन्ही टोकांना प्रत्येक टीमची सहाच माणसं, त्यामुळे मधून बॉल झटकन सुटला की पुढे फॉरवर्डला मोकळं रान मिळतं. विंगवरच्या थ्रो-इनला, म्हणजे बाजूच्या सीमेबाहेर गेलेला बॉल अंपायर परत आत फेकतो तेव्हा, असा नियमच नाही! तिथे समोरची टीम एक-दोन माणसं आरामात मागे ठेवते, आणि तुम्ही गर्दीतून मान खाली घालून उंच किक मारली की बॉल थेट त्यांच्या हातात. मधून असो वा विंगवरून, गर्दीतून बॉल बाहेर काढला की दोन्हीला क्लियरन्सच म्हणतात आणि दोन्ही एकाच रकान्यात मोजतात, गोंधळ इथूनच सुरू होतो.

दुसरा पुरावा २०२३ च्या फायनल्स मालिकेतली कॉलिंगवूडविरुद्धची मॅच (ग्रँड फायनल नव्हे). एमसीजीवर आपण ६९ वेळा बॉल गोलसमोरच्या पन्नास मीटरच्या आत नेला, त्यांनी ३७ वेळा, आणि हरलो ६०-५३. लोक म्हणतात मिडफील्डनी अजून काय करायचं? अरे पण तो बॉल आत पाठवतंय कोण, बहुतेक वेळा मिडफील्डच ना! समोर डार्सी मूरसारखा उंच डिफेंडर वाट बघत असताना त्याच्याच डोक्यावर बॉल टाकत राहायचं म्हणजे त्याला सराव देणं झालं. आपले सगळे मिड बॉलवर तुटून पडायचे, बाहेर हँडबॉल घ्यायला, थोडं पळून बघून किक मारायला कोणी उरायचंच नाही. आत कोणी जायचं आणि बाहेर कोणी थांबायचं हे कोच ठरवतो. पुढच्या आठवड्यात कार्लटनशी मात्र ९ गोल (प्रत्येकी ६ पॉइंट) आणि १७ बिहाइंड (थोडक्यात हुकलेले, प्रत्येकी १ पॉइंट) मारून २ पॉइंटनी हरलो, तिथे फॉरवर्डची चूक आहे, ते मी नाकारत नाही.

दुखापती, हो, आपल्या मिडफील्डमधल्या ब्रेशॉला डोक्याच्या दुखापतींमुळे २०२४ मध्ये रिटायर व्हावं लागलं, त्याच वर्षी जूनमध्ये पेट्राकाची प्लीहा फाटली, फार वाईट वाटलं होतं.

पण जुलै २०२५ ची सेंट किल्डाची मॅच? तिसऱ्या क्वार्टरअखेर ४६ पॉइंट पुढे होतो आणि ते सगळे गेले. स्कोअर बरोबरीत, काही सेकंद उरलेले, आणि सेंटर बाउन्सला आपणच ६-६-६ मोडला, फ्री किक त्यांना, त्यांच्या वँगनीन-मिलेरानी मार्क (किकचा झेल) घेतला आणि सायरननंतर गोल. इतका साधा नियम, आणि कोण कुठे उभं राहायचं हेच शेवटच्या क्षणी पक्कं नव्हतं! हे फॉरवर्डच्या किकिंगवर कसं ढकलणार? आणि त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये ते गोलमागून गोल मारत असताना बाउन्सला एखादा मिड डिफेन्सच्या बाजूला लावून वेग मोडायला हवा होता, तोही फॉरवर्डचा विषय नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोच गुडविनला काढलं, मग पेट्राका गोल्ड कोस्ट क्लबला आणि ऑलिव्हर जीडब्ल्यूएस क्लबला गेला. आता कोच स्टीव्हन किंग. मी तरी क्लियरन्सचा आकडा नंतर बघेन, आधी विंगवरच्या थ्रो-इनला गर्दीच्या बाहेर आपला कोण उभा आहे ते बघेन.