साणंद म्हणजे काय काळं पाणी आहे का?

भाचा चाकणला एका कंपनीत आहे. परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, गुजरातमधल्या साणंदच्या प्लांटला जाशील का? पोराने ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात ग्रुपने निकाल लावला. "सरळ नाही म्हण." "आपण काय वेठबिगार आहोत का?" "मराठी पोरांना बाहेर पाठवायचे धंदे आहेत सगळे." एकाने तर मुठीची इमोजी टाकली. पोरगा चढला आणि रात्री अकराला मेल ठोकला: सर, फॅमिली प्रॉब्लेममुळे शक्य नाही, रिग्रेट. आज सकाळी उत्तर आलं, "नोटेड." बास, एवढंच.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

अरे, साहेबाने विचारलं होतं! ऑर्डर हातात दिली नव्हती. विचारलं म्हणजे बोलायला जागा होती. किती वर्षांसाठी, कुठल्या पदावर, पगाराचं काय, परत कधी आणणार, मुळात मीच का, यातलं एक अक्षर न विचारता विषय संपवला. आणि फॅमिली प्रॉब्लेम तो कुठला? आमचा दादा रोज सकाळी दुर्गा टेकडी चढून येतो. वहिनीची भिशी एकही चुकत नाही. हां, लग्न जमायचंय पोराचं, पण ते चाकणला राहूनही जमत नव्हतंच.

माझं होसूर जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. 2015 साली मी भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. कंपनीने तमिळनाडूत होसूरला नवं युनिट काढलं, हिशेबाची आणि स्टोअर्सची घडी बसवायला जुनं माणूस हवं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला जमणार नाही माहितीये मला, पण विचारायची पद्धत असते." म्हणजे माझं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं होतं! मी एवढंच म्हटलं, विचार करून गुरुवारी सांगते.

घरी येऊन आधी अपॉइंटमेंट लेटर काढलं. बहुतेकांच्या लेटरमध्ये एक ओळ असते, कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी बदली होऊ शकते म्हणून. जॉइन होताना कोणी वाचत नाही. माझ्यातही होती. ती ओळ असली की नुसतं "नाही" म्हणणं महागात पडू शकतं. मग बोलायचं ते अटींवर.

गुरुवारी मी कागद घेऊन गेले. एक पर्याय, इथेच राहून महिन्यातले दहा दिवस होसूरला. दुसरा, दोन वर्षं तिथे, पण परत भोसरीला त्याच ग्रेडवर, आणि हे मेलवर लिहून. दुसरा हवा असेल तर लेकीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत हलणार नाही. ती तेव्हा पाचवीत. तिथल्या राज्य मंडळाच्या शाळेत तमिळ आलं, म्हणजे सहावीत जाऊन अक्षरओळखीपासून सुरुवात. म्हणून सीबीएसई, म्हणजे फी जास्त, म्हणजे फरक कंपनीने द्यायचा. गाडीचंही लिहिलं होतं. परराज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवायची तर नोंदणी तिथली करावी लागते, इथल्या आरटीओची एनओसी, तिथला टॅक्स. हे वाचून साहेब हसले. हसू देत. पैसे दिले की नाही शेवटी? (आता बीएच नंबर असतो, 2021 पासून, राज्य बदललं तरी गाडीची पुन्हा नोंदणी लागत नाही. खासगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर तिथल्या लोकांनाही मिळतो. आमच्या वेळी एमएच-14 घेऊन एनओसीच्या खिडकीवर ताटकळावं लागायचं.)

कंपनीने दोन वर्षांचं मान्य केलं. सगळं नाही दिलं. घरभाडं अर्धंच दिलं आणि विमानाचं तिकीट मागितलं होतं त्याचं रेल्वेचं झालं. चालायचंच. मागितल्याशिवाय तेवढंही मिळालं नसतं.

आणि तेव्हाही हाच ग्रुप होता हो, फक्त हॉलमध्ये बसलेला. "बाईमाणूस एकटी पोरीला घेऊन मद्रासकडे?" होसूर बंगळुरूपासून चाळीस किलोमीटरवर आहे, पण यांना दक्षिणेचं सगळं मद्रासच. "नवऱ्याच्या जेवणाचं काय?" त्याला दोन हात आहेत, आणि तो माझ्यापेक्षा बरी आमटी करतो. कुर्ला-कोईमतूर गाडी पुण्यावरून थेट होसूरला जाते, त्या गाडीने येत राहिला बिचारा. त्याला कुणी विचारलं नाही तुझं काय मत आहे. मला तर नाहीच नाही. उलटं असतं, म्हणजे त्याची बदली असती, तर मला "सामान बांध" एवढंच सांगितलं असतं. हे लिहिताना परत तळपायाची आग मस्तकात जातेय, तर असो.

आणि ती मराठी अस्मिता! अटकेपार झेंड्याचे फॉरवर्ड टाकायचे, तंजावरच्या मराठ्यांचा अभिमान बाळगायचा, आणि तलासरीच्या पुढे नोकरी म्हटली की छाती धडधडते. ज्या काकांनी "आपली माती" लिहिलं त्यांचा मुलगा डॅलसला आहे. डॅलस चालतं. एका रात्रीच्या प्रवासावरचं साणंद म्हणजे अन्याय.

हो, माहीत आहे मला, कित्येक ठिकाणी बदली म्हणजे माणसाला सभ्यपणे हाकलायची युक्ती असते. आकसाने केलेली बदली ही अनुचित प्रथा, असं महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार कायद्यात लिहिलेलं आहे, ते काही उगीच नाही. तसं असेल तर युनियनकडे जा, वकिलाकडे जा, मी येते बरोबर. पण तेव्हासुद्धा "फॅमिली प्रॉब्लेम, रिग्रेट" कामाला येणार नाही. तारखेसकट लिहिलेले प्रश्नच येतील.

आणि ज्यांच्या घरी खरंच अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना मी हे म्हणतच नाहीये. आमच्या स्टोअर्समधल्या एकाने होसूरला नकार दिला होता. आईचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. त्याने साहेबांना सगळं नीट सांगितलं, वर म्हणाला, तिथल्या पोरांना इथे पाठवा, मी महिनाभर शिकवतो. तीन मुलं आली होती. एकाला मराठी येईना, याला तमिळ येईना, दोघांची हिंदी दिव्य, पण बिन कार्ड, म्हणजे कुठला माल किती आला-गेला ते लिहायचं स्टोअर्समधलं कार्ड, भरायला शिकली पोरं. साहेब त्याच्याबद्दल नंतर कधी वाकडं बोलले नाहीत. त्याचा नकार आणि आमच्या भाच्याचा नकार एकच आहे का, सांगा मला.

भाच्याला दुपारी फोन केला होता. आधी फुरंगटला, "आत्या, आता तू पण लेक्चर देऊ नको." मग म्हणाला, खरं सांगू का, मला जायचं नव्हतं असं काही नाही, पण सगळे एवढं बोलले की... यावर मला काही बोलवेना. चोवीस तास ग्रुपवर असणारी ही पोरं, त्यांना तरी काय बोलणार. दुसरा मेल करायला सांगितलंय. "कालच्या उत्तराआधी काही गोष्टी विचारायला हव्या होत्या, भेटायला वेळ द्याल का?" देतील किंवा नाही देणार.

बँकवाले आणि झेडपीवाले कमेंटमध्ये लिहिणार, ताई, आम्हाला विचारतात कुठे, थेट ऑर्डर येते. मान्य. तुमचं दुखणं वेगळं, त्यावर मी बोलणार नाही.

आणि होसूरला कुणी निघालं असेल तर मेसेज करा. घर बघताना भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा, होगेनक्कल योजनेचं नळाला येतं की नुसता टँकर. बागलूर रोडच्या बाजूला बघणार असाल तर दोनदा विचारा.